न्हाणीतली फुंकर

नवव्या दिवशी सकाळी मी बाळाच्या अंगावर पहिला तांब्या ओतला आणि बाळ रडलं नाही.

दुसरा ओतला. पाणी जरा कढतच होतं. तरी नाही. बाळ माझ्या लांब केलेल्या पायांवर पालथं होतं, पाठीला डाळीचं पीठ तसंच. मी त्याला उताणं केलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हतं. हात धरून सोडला तर हात तसाच खाली आला. मग मी टाळूवर बोट ठेवलं. टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. तिच्यात रोज तेल भरायचं असतं. बोटाखाली ती धुकधुक उडते आणि जराशी खोलगट लागते. त्या दिवशी ती वर आली होती. डफाच्या कातड्यासारखी ताठ.

काशी गरम पाण्याची दुसरी बादली घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. काशी म्हणजे बाळाची आजी, बाळाच्या बापाची, दिनेशची आई, आणि माझी लहानपणची मैत्रीण.

"बघ कसं गरीब हाय," ती म्हणाली. "रडत पन न्हाय. बापावर गेलंय."

"काशे, दिनेशला टेम्पो काढायला सांग."

"टेम्पो? न्हानं अर्धं टाकून?"

"अर्धंच टाकून. पुसायला पन थांबू नको."

न्हाणीत वाफ भरली होती. वाफेत काशीचं तोंड दिसत नव्हतं, नुसती बादली धरलेली बोटं दिसत होती. ती बोटं थोडा वेळ हलली नाहीत. मग बादली खाली आपटल्याचा आवाज आला.

आतल्या खोलीत बाळाची आई, सुमन, बाजेवर दोन गोधड्या घेऊन पडली होती. बाजेखाली शेगडी होती आणि तरी तिचे दात वाजत होते. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून तिच्यासमोरून नेलं.

"मावशी, रडला का?" तिनं विचारलं.

"रडला," मी म्हटलं.

त्या दिवशीचं पहिलं खोटं माझं होतं, काशीचं नव्हे. हे आधीच लिहून ठेवते.

*

माझं शिक्षण चौथीपर्यंत. काशीचंही तेवढंच. दोघींनी एकाच दिवशी शाळा सोडली, तिनं शेतावर जायला आणि मी माझ्या आईच्या मागे फिरायला. माझी आई सुईण होती. भिवंडीजवळच्या राहनाळपासून खाडीपर्यंतच्या बायकांची बाळंतपणं ती करायची. मी मोठी झाले तोवर बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या आणि सुईणीचं काम गेलं. न्हाऊ घालायचं काम मात्र राहिलं. दवाखाना बाळ देतो, न्हाऊ घालून देत नाही. घरी आल्यावर सव्वा महिना रोज बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायचं, अंग चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी द्यायची. हे काम मी केलं. किती पोरं पायावर घेतली ते मोजलं नाही. त्यातली काही आता गोडाऊनवर माल उतरवतात आणि मला ओळखत नाहीत. ओळखायचं कारणही नाही. त्यांनी मला पाहिलं तेव्हा त्यांना धड दिसतही नव्हतं.

लोकांना वाटतं हे हातांचं काम आहे. हात नुसते चालतात, डोकं मोकळं राहतं. वाफ चढते, तेल तापून त्याला वास सुटतो, बाळ रडून रडून थकतं आणि एकदम गप्प होतं. बाळंतीण चोळता चोळता झोपते. तिच्या पाठीवर हात फिरत असतो आणि आपणही कुठंतरी जातो. बाहेर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालू असले तर तो खटखट आवाज भिंतीतून हातात उतरतो आणि हात त्याच तालावर फिरतात. कधी कधी मी घरी पोचायचे आणि मला आठवायचं नाही की मी कोणाकडे न्हाऊ घालून आले. तेवढा वेळ मी कुठं होते ते मला माहीत नाही. मी काही देवधर्मातली बाई नाही. पण ते तास चांगले होते, हे खरं.

या कामाचे दोन नियम आईनं शिकवले होते. एक, खाडा करायचा नाही. सव्वा महिन्यात एक दिवस जरी न्हाणं चुकलं तरी बाळंतिणीच्या अंगात वारा शिरतो, असं ती म्हणायची. म्हणून ताप असो, पूर असो, मी जायचेच. मला त्याचा फार ताठा होता. दुसऱ्या बाया खाडे करतात, वैजंता करत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचे.

दुसरा नियम फुंकरीचा. न्हाणं झालं की बाळाच्या नाकातलं आणि कानातलं पाणी काढायला तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर घालायची. दोन नाकपुड्यांत, दोन कानांत. माझी फुंकर लांब आणि गरम होती. बाळ दचकायचं, शिंकायचं, आणि घरातल्या बाया हसायच्या. न्हाण्याचा शेवट तोच. फुंकर घातल्याशिवाय मी बाळ कोणाच्या हातात दिलं नाही.

*

काशीच्या घरी पाचवीची पूजा झाली तेव्हा सगळं छान होतं. पाहुणे आले, बाळ हातोहात फिरलं, प्रत्येकीनं मुका घेतला. सुमनची मोठी मुलगी परी, पाच वर्षांची, ती तर बाळाच्या तोंडाजवळून हलेना.

त्याच्या दोन-तीन दिवस आधी परीला ताप येऊन गेला होता. घसा दुखतो म्हणून ती भात खात नव्हती. पोटावर बारीक लाल पुरळ होतं, हात फिरवला तर खरखरीत लागायचं.

"घामोलं हाय," काशी म्हणाली. "पोरगी उनात खेलते."

मीही म्हटलं, घामोळंच असेल. न्हाणं झाल्यावर मी चहाला बसायचे. परी माझ्या मांडीला टेकून माझ्याच बशीतून दोन घोट प्यायची. घसा दुखत होता तेव्हाही प्यायली. गरम चहानं बरं वाटतं म्हणाली.

पाचवीच्या दिवशी माझाही घसा धरला. थुंकी गिळताना काटा टोचल्यासारखं व्हायचं. मी तोंडात लवंग धरली आणि कामाला गेले. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन घरं होती. तिन्ही घरी रोज गेले, तिन्ही बाळांना न्हाऊ घातलं आणि तिन्ही बाळांच्या नाकात फुंकर घातली. लवंगेचा वास बाळाला चांगला, असं एकीच्या सासूनं म्हटल्याचंही आठवतं.

सातव्या दिवशी सुमन पोटाला हात लावू देईना. बाळंतिणीचं पोट चोळावं लागतं, त्याशिवाय ते जागेवर येत नाही, अशी आमची समजूत. मी हात ठेवला आणि ती ओरडली.

"मावशी, नको ना. खूप दुखतंय."

"नाटकं करू नको. वारा धरलाय पोटात," मी म्हटलं आणि जोर लावून चोळलं.

ती उशीत तोंड खुपसून रडली. मी तिचं ऐकलं नाही. संध्याकाळी तिला ताप आला. काशी म्हणाली दूध भरतंय, दुधाचा ताप हाय. हे आम्ही दोघींनी आयुष्यभर सांगितलेलं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघालेलं. म्हणून आम्हाला दुसरं काही सुचलं नाही.

आता मागे वळून बघते तेव्हा ते चार दिवस मला वाफेतून दिसतात. परी बशी धरून बसलीय. माझ्या तोंडात लवंग आहे. सुमन उशीत तोंड घालून पडलीय. सगळं डोळ्यासमोर होतं. कोणी काही लपवलं नव्हतं. आम्ही नुसत्या बघत होतो.

*

दिनेशच्या टेम्पोत मागे पुठ्ठ्याची खोकी होती. ती बाजूला सारून सुमनला निजवलं. मी बाळाला छातीशी धरून बसले. त्याच्या अंगावरचं तेल आणि पीठ माझ्या लुगड्याला लागत होतं. काशीनं परीला पुढे घेतलं. रस्त्यावर दापोड्याकडे जाणारे ट्रक एकामागे एक उभे होते. एवढे ट्रक, आणि एकाचाही आवाज मला ऐकू येत नव्हता. नुसतं बाळाचं श्वास घेणं ऐकू येत होतं. लहान, भरभर, मधेच थांबणारं. थांबलं की मी त्याच्या तळपायाला टिचकी मारायचे. मग पुन्हा सुरू व्हायचं.

सरकारी दवाखान्यात बाळाला एकीकडे नेलं, सुमनला एकीकडे. मग एक तरुण डॉक्टरीण आमच्याकडे आली. तिनं काशीला विचारलं, "आजी, घरात गेल्या आठवड्यात कोणाला ताप होता? घसा दुखत होता? अंगावर पुरळ?"

काशीनं परीला पदराखाली ओढलं.

"कोनाला काय न्हाय, बाई. देवाच्या दयेनं सगली ठनठनीत."

मला कळलं तिनं असं का सांगितलं. तिला वाटलं, पोरीचं नाव आलं तर उद्या गावात म्हणतील, हिनंच भावाला खाल्लं. असं म्हणणाऱ्या बाया आहेत. त्यांतल्या दोघी पाचवीला जेवून गेल्या होत्या.

मला वाटलं, बोलले तर माझं काम जाईल. ते वाटायचं थांबेपर्यंत मी थांबले, पण ते थांबेना. तेव्हा तसंच बोलले.

"माझा दुखत होता. अजून दुखतो. मी या बाळाला रोज न्हाऊ घालते आणि त्याच्या नाकात फुंकर घालते. आणि या पोरीला त्याच्या आधी ताप होता. पुरळ पण होतं."

काशीनं माझ्याकडे बघितलं. तसं तिनं माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं आम्हाला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. ती जे बोलली ते मी माझ्या शब्दांत लिहिते. हा एक जंतू असतो, तो माणसाच्या घशात राहतो. बहुतेकांना काही करत नाही, फार तर चार दिवस घसा दुखतो. पण ओल्या बाळंतिणीच्या पोटात, तान्ह्या बाळाच्या रक्तात, नाहीतर चिरलेल्या कातडीतून आत शिरला तर तासातासाला वाढतो. घरातल्या घरात तो खोकल्यातून, थुंकीतून, हातांतून, एका बशीतून फिरतो. आणि घरातल्या एकाला असा मोठा आजार झाला, की त्याच घरातल्या दुसऱ्याला व्हायचा धोका बाहेरच्या माणसापेक्षा जास्त असतो. म्हणून सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं तरी पुऱ्या संपवायच्या. महिनाभर लक्ष ठेवायचं. ताप आला, एखादी जागा लाल होऊन फार दुखायला लागली, तर वाट बघायची नाही.

"माझ्याकडनं गेला का परीकडनं?" मी विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही, मावशी. आणि ते शोधून बाळ बरं होणार नाही. तुम्ही अजून कोणाकोणाला न्हाऊ घालता?"

"दोन घरं आहेत."

"त्यांना सांगावं लागेल. तुम्ही आज कोणाच्या घरात जाऊ नका. फोन करा."

"फोनवर काय कळणार? मला बाळ रडताना ऐकायचंय."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग तोंडाला बांधायला मास्क दिला. "दारातूनच बोला. आत पाऊल टाकायचं नाही."

बाहेर पडताना काशी माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "वैजे, माज्या पोरीला तू डाक्टरच्या वहीत घातलीस."

"स्वतःला पन घातलं."

"तुजं तू बघ. माज्या घरात आता पाऊल टाकू नको."

*

दवाखान्यातून मी आधी लूमच्या गल्लीत गेले. दुपार होती. त्या गल्लीत हवेत कायम कापसाचे तंतू तरंगत असतात. पत्र्याच्या फटीतून ऊन आत येतं आणि त्या उन्हात ते वर जातात, खाली येतात, पडत मात्र कधीच नाहीत. मी रोज तिथून जायचे, त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मला वाटलं, हे असंच आहे. ऊन पडतं तेवढ्यातलेच तंतू दिसतात. बाकीचे आपण रोज श्वासातून आत घेतो.

उरलेल्या दोन बाळंतिणींपैकी एकीच्या, नसरीनच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिची सासू कांदा चिरत होती.

"अरे खाला, मुँह पे क्या बाँधा है? अंदर आओ."

"नहीं आती. बच्चा कैसा है?"

"सो रहा है, मजे में."

"उठाओ."

"सोते बच्चे को क्यों उठाऊँ? अभी तो आँख लगी है उसकी."

"उठाओ और रुलाओ. मेरे को सुनना है."

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. मी दारातून सगळं सांगितलं. घसा, फुंकर, काशीचं बाळ. माझं हिंदी भिवंडीचं, त्यात निम्मी मराठी, पण तिला सगळं समजलं. नसरीन पाळण्याकडे धावली. बाळाला उचललं, तळपायाला चिमटा काढला. पोरानं तोंड वाकडं केलं, श्वास आत ओढला आणि असा टाहो फोडला की शेजारची बाई बाहेर आली.

मी तिथं उंबऱ्याबाहेर उभी राहून ते रडणं ऐकत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. लूमचा आवाज, त्यात ते रडणं, वर तो कापूस. मी अशी उभी राहिले की म्हातारीला वाटलं मला चक्कर येतेय.

"बस हो गया, खाला? कि और रुलाऊँ?"

"बस. अब चुप कराओ. डॉक्टर को दिखाओ, आज ही. मेरा नाम लेके बताओ."

"तुम्हारा नाम लेके तो अब सब बताएँगे," ती म्हणाली. टोमणा होता. पण मी निघताना तिनं मला दाराबाहेर पाणी दिलं. पेला परत घेतला नाही, घेऊन जा म्हणाली. योग्यच केलं.

दुसरं घर राहनाळला गोडाऊनच्या मालकांचं. मोठा बंगला, दोन कुत्रे. तिथल्या शेठाणीनं वरून गॅलरीतून ऐकलं. बाळ तिच्या सुनेच्या कडेवरच होतं आणि मला बघून आपणहून रडायला लागलं. न्हाऊ घालणारी बाई दिसली की काही बाळं रडतात.

"घसा दुखत होता तर आलात कशाला?" शेठाणी म्हणाली.

"खाडा करायचा नव्हता."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही. हे उत्तर नाही."

तिनं दार लावून घेतलं. पुढे तिनं चार घरी सांगितलं आणि चारही घरांनी मला बोलावणं बंद केलं. मला त्याचा राग नाही. मी तिच्या जागी असते तर कुत्रे सोडले असते.

दोन्ही बाळांना दवाखान्यात नेलं, तपासलं. दोन्ही ठीक होती.

*

मी गोळ्या घ्यायला लागले. दोन दिवसांत घसा मोकळा झाला. सुमन आणि बाळ दवाखान्यात होते, दिनेश तिथंच बसून असायचा. घरी काशी आणि परी दोघीच. मी रोज सकाळी काशीच्या घरी जायचे आणि अंगणात उभी राहायचे. ती आत बसलेली दिसायची.

"बाल कसं हाय?" मी विचारायचे.

"दवाखान्यात जाऊन इचार. तुजी डाक्टरीन सांगल."

"सुमनचं?"

"तिचं पन तिलाच इचार."

"परीनं गोळी घेतली?"

"घेतली. आता जा. तुजी सावली पन नको माज्या दारात."

"सावलीला जंतू लागत न्हाय, काशे."

"तुज्या सावलीला लागतो."

अशी ती बोलायची आणि मला बरं वाटायचं, कारण बोलत तरी होती. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली होती, एक पाय पाटावर वर ठेवलेला, त्यावर पदर पसरलेला. तोंड राखेसारखं झालं होतं.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाय. भेग चावते. तुला काय करायचंय?"

तिच्या टाचांना कायम भेगा. न्हाणीतल्या ओलीत उभं राहून राहून त्या खोल गेलेल्या. मला डॉक्टरणीचे शब्द आठवायला हवे होते. आठवलेही असतील. पण तिनं मला पाऊल टाकू नको म्हटलं होतं आणि माझाही ताठा होताच. वाटलं, रागानं तोंड असं झालंय, उद्या बघू. अंगणात ऊन होतं, शेजाऱ्यांच्या भिंतीवर बोंबील वाळत होते, सगळं शांत होतं. मी तशीच परत फिरले. अंगणातून खुर्चीपर्यंत चारपाच पावलं असतील. एवढ्या वर्षांत मी किती घरांच्या किती उंबऱ्यांवरून विचारता-न विचारता आत गेले. त्या दिवशी तेवढी पावलं टाकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परी अंगणातच उभी होती.

"मावशी, आजीच्या पायाला काला फोड आलाय. मोठा. ती मला हात लावू देत न्हाय."

मी आत गेले. काशी बाजेवर पडली होती. पदर काढला. घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय सुजून चकाकत होता, लाल, मधे जांभळा, आणि टाचेच्या वर काळा फोड. मी नुसतं बोट टेकवलं तर ती अशी कळवळली की मला सुमनचं पोट आठवलं.

"गोळ्या घेतल्यास ना?" मी विचारलं.

परीनं फळीवरचा चहापत्तीचा रिकामा डबा काढून मला दिला. आत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. पहिल्या दिवसाच्या घेतल्या होत्या, बाकी सगळ्या तशाच.

"हे काय?"

"परीला परत लागल्या तर? सुमनला लागल्या तर? दवाखान्यातनं आल्यावर परत कुटं धावायचं?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "मला काय होतंय म्हातारीला. घरात ठेवलेल्या बऱ्या."

आमच्या पिढीच्या बाया अशाच. औषध असो, लाडू असो, स्वतःच्या वाट्याचं घरासाठी फळीवर ठेवायचं. मीही ठेवलं असतं. माझ्या घरात ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मी सगळ्या घेतल्या, एवढंच.

*

फोन केल्यावर दिनेश टेम्पो घेऊन आला. पुन्हा तीच खोकी, तोच रस्ता. काशीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिला ताप होता, पण ती मधूनमधून नीट बोलत होती.

"वैजे, माजा पाय कापतील का?"

"कापला तर कापला. नाहीतरी तू कुठं नाचतेस?"

ती हसली. मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"पोर घरी आल्यावर त्याला न्हायला कोन घालल?"

"मी न्हाय घालनार."

"मंग कोन?"

"सुमन घालल. मी अंगनातनं सांगीन, ती घालल."

"फुंकर पन शिकव तिला."

"फुंकर न्हाय शिकवनार."

"मंग पानी कसं निघनार नाकातनं?"

"आपोआप निघतं, काशे. आपण उगाच घालत होतो."

"उगाच कसं? पोर हसायचं."

"हसायचं नाही. दचकायचं."

ती परत हसली की कण्हली ते मला कळलं नाही. बाहेर ट्रक जात होते आणि मला पुन्हा एकाचाही आवाज येत नव्हता. तिच्या कपाळावर माझा हात फिरत होता, सवयीनं, कपाळावरून कानामागे, कानामागून मानेवर. बाळंतिणीला झोप यावी म्हणून फिरवतो तसा. तिला झोप लागली. मलाही कुठंतरी गेल्यासारखं झालं. आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर बसलोय आणि कोणीतरी आम्हाला घरी न्यायला येणार आहे, असं काहीतरी. टेम्पो थांबला तेव्हा मला कुठं उतरायचंय ते क्षणभर आठवेना.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिचा पाय उघडून सडलेलं मांस काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं.

त्यानंतर मी कामाला फार दिवस गेले नाही. पुढे ज्यांनी बोलावलं त्यांच्या दारात उभी राहून आधी विचारायचे, घरात कोणाला ताप आहे का, कोणाचा घसा दुखतो का, पोरांच्या अंगावर पुरळ आहे का. बाया हसायच्या. मावशी पोलिसासारखी चौकशी करते म्हणायच्या. बाळंतीण पोटाला हात लावू देत नसेल तर मी हात लावला नाही, तिला दवाखान्यात पाठवलं. मला जरा कणकण वाटली की खाडा केला. एका सासूनं मला आळशी म्हटलं. म्हणू दे. चार वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा काम सोडलं.

बाळ सोळा दिवसांनी दवाखान्यातून घरी आलं. सुमन त्याच्या आधी चार दिवस उठून चालायला लागली होती. मी अंगणात बसले आणि तिनं न्हाणीचं दार उघडं ठेवून त्याला पायावर घेतलं. मी सांगत होते, ती पाणी ओतत होती, आणि ते सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढं रडत होतं.

बाळ जगलं. सुमन जगली. परीला पुढे काहीच झालं नाही. मी हे लिहिते आहे. काशी दुसऱ्यांदा पाय उघडला त्याच दिवशी दुपारी गेली.